माझ्याहून थोरल्या रक्तवाहिन्या

३ जानेवारी

कारखान्यातून दरवर्षी एक डायरी मिळते आणि दरवर्षी ती सासूबाईंच्या किराणा सामानाच्या याद्यांना कामी येते. यंदा मी ती वेळीच पळवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज काय दुखतं, काय सुजतं ते लिहीत जा. आजचं लिहायचं तर बोटं, गुडघे आणि शेजाऱ्यांनी सकाळपासून भिंतीत घातलेलं ड्रिल.

मला ल्युपस आहे. तो काय असतो असं कुणी विचारलं की मी सांगते, कुंपणच शेत खातं. बाहेरच्या जंतूंवर सोडायची फौज माझ्या अंगात घरच्यांवरच सुटलेली आहे. सहा वर्षं झाली. सांध्यांना त्रास देऊन झाला, कातडीला देऊन झाला. आता डॉक्टरीणबाईंना शंका आहे की ही फौज रक्तवाहिन्यांच्या आतलं अस्तरही कुरतडते, तेही फार लवकर, माणसाला काही कळायच्या आत. माझ्यासारख्या लोकांचं नक्की काय होतं ते बघायला हॉस्पिटलात एक पाहणी चालू आहे, तीत त्यांनी माझं नाव घातलं.

मी म्हटलं, "दुखत नाही तर बघायचं कशाला?"

"दुखत नाही तेव्हाच बघायचं," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर मी हे सासूबाईंना सांगितलं. त्यांनी ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं आणि जाहीर केलं की तपासणीला त्या सोबत येणार. मी नको म्हटलं. त्यांनी चपला पुसून दाराशी ठेवल्या.

८ जानेवारी

झाली तपासणी. नीट सांगायचं तर आधी माझ्या नोकरीबद्दल लिहायला हवं.

मी रबरी पाईपच्या कारखान्यात तपासणी खात्यात आहे. बागेचे, गॅसचे, आगीच्या बंबाचे, सगळे पाईप माझ्या हाताखालून जातात. आमच्याकडे एक भट्टी आहे. नवाकोरा तुकडा तिच्यात ठेवला की काही दिवसांत तो म्हातारा होऊन बाहेर येतो. कामगार तिला 'सासर' म्हणतात, कारण आत जाताना मऊ, बाहेर येताना कडक. (सासूबाईंना हे मी कधीही सांगितलेलं नाही.) मग तो तुकडा ताणायचा, सोडायचा आणि किती मागे येतो ते बघायचं. रबर तुटतं अगदी शेवटी. त्याच्या कितीतरी आधी ते मागे यायचं विसरतं. तसं झालं की मी शिक्का मारते, 'नापास'.

तर मशीनवाल्या बाईंनी मला खाटेवर झोपवलं, हाताला पट्टा बांधला आणि तो असा फुगवला की पंजाला मुंग्या आल्या. मग एकदम सोडला. अडवलेलं रक्त धावत येतं तेव्हा चांगली रक्तवाहिनी रुंद होऊन त्याला वाट देते म्हणे. माझी जरा सरकली. बसमध्ये जागा मागितल्यावर काही बायका सरकतात तेवढीच. नंतर मानेला जेली लावून आत बघितलं, ठोका मानेपासून मांडीपर्यंत किती वेगाने पोचतो ते मोजलं. वाहिनी जितकी कडक, तितका ठोका वेगाने पळतो. झोपल्या झोपल्या माझ्या लक्षात आलं की हे काम मी रोज करते. आज टेबलावरचा तुकडा मी होते, एवढाच फरक.

मी मानेवरची जेली धुवायला बेसिनपाशी गेले, तेवढ्यात सासूबाई खाटेवर चढल्या. "मशीन रिकामंच आहे ना? मग माझंही बघून टाका."

मी परत आले तेव्हा मशीनवाल्या बाई त्यांना हळू आवाजात काहीतरी समजावून सांगत होत्या आणि सासूबाई मान डोलावत होत्या. बोलणं थांबलं. मी काही विचारणार तोच डॉक्टरीणबाईंचं बोलावणं आलं.

त्या म्हणाल्या, "तुमचं वय अडतीस. तुमच्या रक्तवाहिन्या मात्र एकसष्टच्या असल्यासारख्या वागताहेत."

पुढेही त्या बरंच बोलल्या. सुरुवात आहे, अस्तर जिवंत असतं, सुधारू शकतं, गोळ्या चुकवू नका, मीठ कमी करा, रोज दम लागेपर्यंत चाला, पण उन्हात नको. मी एकसष्टपाशीच बसून राहिले होते. सासूबाईंनी पर्समधून पेन काढलं आणि तळहातावर काय काय लिहून घेतलं.

बाहेर बाकावर येऊन बसलो. मला रडू येईल असं वाटायला लागलं म्हणून मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "तुमचं किती आलं?"

"चव्वेचाळीस," सासूबाई म्हणाल्या. पापणीही लवली नाही त्यांची.

सासूबाई सदुसष्ट वर्षांच्या आहेत.

नवरा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून सतत ब्रेकवर पाय, त्यामुळे घरातही काही वाईट कानावर आलं की त्याचा पाय जमिनीत दाबला जातो. 'एकसष्ट' ऐकून त्याने पाय दाबला. 'चव्वेचाळीस' ऐकून पुन्हा दाबला.

"म्हणजे ही तुझ्यापेक्षा मोठी?" त्याने आईला विचारलं.

"चांगली सतरा वर्षांनी," सासूबाई म्हणाल्या आणि पानं घ्यायला उठल्या.

९ जानेवारी

सकाळी चहाचा पहिला कप मला.

"घ्या आजी," सासूबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "आई, हे काय?"

"वडीलधाऱ्यांना अरेतुरे करायची आमच्यात पद्धत नाही. आणि मला आई म्हणू नका, चारचौघांत बरं दिसत नाही. धाकटी म्हणा."

मी रागाने उठून जाणार होते, पण त्यांनी खिडकीजवळची खुर्ची ओढून मला पुढे केली. लग्न झाल्यापासून माझा त्या खुर्चीवर डोळा होता. बसले.

१३ जानेवारी

लवकर निवृत्ती मागायला साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे तपासणी खात्याचे प्रमुख. दर वाक्याला टेबलावरचा एक तुकडा ताणून सोडतात.

"एकसष्ट? आपल्याकडे साठाव्या वर्षी सोडतात. म्हणजे एक वर्ष तुम्ही जास्तच काम केलंत."

"तेच म्हणतेय मी."

त्यांनी बराच विचार केला, तुकडा ताणला, सोडला. "असं करू. तुमच्या रक्तवाहिन्यांना आजपासून निवृत्त करू. त्यांनी यायची गरज नाही. तुम्ही मात्र या."

हसत हसत बाहेर आले आणि भट्टीपाशी उभी राहिले तेव्हा हसू गेलं. सहा वर्षं एक गोळी चुकवली नाही. जेवण चुकलं, झोप चुकली, नणंदेचं लग्न चुकलं, गोळी नाही. त्याचं हे बक्षीस? मला फार राग आलाय, हे इथे तरी लिहिते. आणि माझ्या टेबलावरून एकदा नापास झालेला पाईप परत मऊ झालेला मी आजवर बघितलेला नाही. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, पण त्यांना रबराचा अनुभव नाही.

आजपासून गोळ्या बंद. घरी डबीतून काढायच्या, रुमालात गुंडाळायच्या आणि कारखान्याच्या भंगाराच्या पिंपात टाकायच्या. डबी रिकामी होत राहायला हवी, सासूबाईंची नजर असते.

२१ जानेवारी

बागेत म्हाताऱ्या माणसांसाठी राखीव बाक आहेत. आज तिथे बसायला गेले. त्यांचं एक मंडळ आहे आणि मंडळाला एक अध्यक्ष आहेत, माजी स्टेशनमास्तर. त्यांनी मला अडवलं.

"हा बाक साठीच्या पुढच्यांचा आहे, बाई. जन्मतारीख?"

"जन्मतारीख माझी आहे. माझ्या रक्तवाहिन्यांची वेगळी आहे."

सगळी हकिकत सांगितल्यावर चर्चा सुरू झाली. एका आजींचं म्हणणं पडलं की उद्या कुणीही उठेल आणि माझं यकृत म्हातारं आहे म्हणून बसायला येईल. अध्यक्ष म्हणाले, बसायला हरकत नाही, पण मत देता येणार नाही. शेवटी काठीवाल्या आजोबांनी परीक्षा घेतली. "गुडघा जिना चढताना दुखतो की उतरताना?"

"दोन्ही वेळा. आणि मधल्या पायरीवर उभं राहिलं तरी."

एकमताने प्रवेश मिळाला. नंतर दुखण्यांवर बोलणं निघालं आणि मी सगळ्यांना मागे टाकलं. काठीवाले आजोबा जरा नाराजच झाले, कारण आजवर तो मान त्यांचा होता.

बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. तिथे पुढचं कुणी विचारत नाही. संध्याकाळी येताना मात्र एका जोडप्याकडे लक्ष गेलं, असेल पंचाहत्तरीचं. आजी आजोबांच्या अंगातला स्वेटर सारखा करत होत्या. मला आणि माझ्या नवऱ्याला तिथवर पोचता येईल का, असा विचार आला आणि मी दुसऱ्या रस्त्याने घरी आले.

४ फेब्रुवारी

घरात सायकल आली आहे. जुनीच, पण कॅरियर मजबूत आणि घंटी खणखणीत.

"कोणासाठी?" नवऱ्याने विचारलं.

"माझ्यासाठी. शिकायचं वय आहे माझं," सासूबाई म्हणाल्या.

त्याचा पाय जमिनीवर. "मी शिकवतो तुला."

"नको. तू आधी थांबायला शिकवतोस. मला आधी चालवायची आहे."

"मग मागून धरणार कोण?"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"मी एकसष्टची आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच. अनुभवी माणूस हवं," सासूबाई म्हणाल्या. वर अट अशी की सूर्य उगवायच्या आत जायचं. पडताना लोकांनी बघितलं तर त्यांना लाज वाटेल. लग्न झाल्यापासून ही बाई कशालाही लाजल्याचं मला आठवत नाही.

७ फेब्रुवारी

सीट धरून धावले. सासूबाई हँडल वळवतात एकीकडे, बघतात दुसरीकडे, वर म्हणतात रस्ताच वाकडा आहे. 'नाचता येईना अंगण वाकडं' अगदी ओठांवर आलं होतं, पण म्हणायला श्वास उरला नव्हता.

"आजी, जोरात! तुम्ही हळू धावलात की मी पडते!"

घरी येऊन सपशेल आडवी झाले. तर म्हणे उद्या वळणं शिकायची.

१९ फेब्रुवारी

दोन आठवडे झाले, प्रगती शून्य. मी हात जरा सैल केला की सासूबाई डावीकडे झुकतात आणि ओरडतात. पडत मात्र एकदाही नाहीत. कौतुक वाटतं. इतकं वाईट चालवून इतके दिवस न पडणं सोपं नाही.

तब्येत म्हणाल तर त्यांची ठणठणीत. अलीकडे त्या जिन्यात मध्येच थांबतात आणि कठड्याला धरून खिडकीतून झाडं बघत बसतात. सायकलवरून उतरल्यावरही तेच, हँडलवर डोकं टेकून झाडं. तरुणपणी माणसाला निसर्ग आवडतो, त्याला काय करणार?

भाज्यांमधलं मीठ गायब झालंय. विचारलं तर म्हणाल्या, तरुण जिभेला कमी लागतं. आणि मला छत्रीएवढी टोपी आणून दिली आहे. "तुमचं वय झालं आजी, ऊन बाधेल." ती घालून कारखान्यात गेले तर पहारेकऱ्याने ओळखलं नाही.

१० मार्च

बोटांचे सांधे सकाळी वळत नाहीत. तोंडात फोड. गालावर जुना लाल चट्टा परत उमटलाय. संध्याकाळी बारीक ताप. बाकावर सांगितलं तर सगळे म्हणाले, वय झालं की हे चालायचंच. किती समजूतदार माणसं आहेत.

सासूबाईंनी आज विचारलं, "आजी, गोळ्या घेता ना?"

"घेते की."

"डबी तर वेळेवर रिकामी होते," त्या म्हणाल्या आणि माझ्या गालाकडे बघत राहिल्या. मी टोपी खाली ओढली.

रुमाल पिंपात झटकताना आज हात थांबला होता. वाटलं, परत सुरू कराव्यात का? मग वाटलं, आता कुठल्या तोंडाने? आणि खरं म्हणजे सुरू केल्या आणि तरी पुढच्या वेळी आकडा वाढलेलाच आला, तर मग धरायला काहीच उरणार नाही. झटकला रुमाल.

२७ मार्च

हॉस्पिटलच्या खाटेवर लिहिते आहे. डायरी नवऱ्याने आणून दिली. तो शेजारी बसलाय आणि त्याचे दोन्ही पाय जमिनीत रुतलेले आहेत.

सकाळी नेहमीप्रमाणे धावत होते. चढाच्या तोंडाशी छातीत कळ आली, अशी की श्वास आत घेता येईना. सीट सोडली आणि रस्त्यातच खाली बसले. अंधुक उजेड, रस्त्यावर चिटपाखरू नाही, फोन घरी, नवरा गाडी घेऊन पहाटेच्या तुकडीला गेलेला. मला स्वच्छ वाटलं, संपलं. आणि त्या क्षणी मला एकसष्टची अजिबात व्हायचं नव्हतं. मला अडतीसच हवं होतं, आणि त्याच्या पुढचंही सगळं हवं होतं.

सासूबाई सायकलवरून उतरल्या. माझ्याकडे एकदा बघितलं.

"बस मागे."

"आई, तुम्हाला येत नाही..."

"बस म्हटलं ना!"

त्यांनी मला कॅरियरवर बसवलं, माझे हात स्वतःच्या कमरेभोवती घट्ट घेतले, पायाने रस्ता ढकलत टांग टाकली आणि हॉस्पिटलच्या दिशेने चढावर सायकल काढली. तो सगळा चढ! वळणावर हात बाहेर काढून खूण केली. चौकात आडवं आलेलं कुत्रं घंटी वाजवून बाजूला केलं. डावीकडे एकदाही झुकल्या नाहीत. त्यांची पाठ माझ्या गालाखाली भात्यासारखी चालली होती, आणि त्या एवढंच म्हणत होत्या, "बोलत राहा, काहीतरी बोलत राहा गं."

मी काय बोलणार? एवढ्या कळा येत असताना माझ्या मनात आलं ते हे की आपली शिकवणी शेवटी कामी आली. मी फार चांगली शिक्षिका असले पाहिजे.

२९ मार्च

हृदय ठीक आहे. त्याच्याभोवतीच्या आवरणाला सूज आली होती. ल्युपस उसळलाय.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या?"

खाटेच्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला सासूबाई. खोटं बोलायची सोय नव्हती. सांगितलं. पिंप, रुमाल, सगळं.

"का?"

"नापास झाल्यावर कशाला घ्यायच्या?"

"कोणी नापास केलं तुम्हाला?"

"एकसष्ट म्हणालात ना. माझ्या टेबलावर असा तुकडा आला तर मी शिक्का मारते. रबर परत मऊ होत नाही, डॉक्टर."

त्यांनी कपाळाला हात लावला. "मी धोक्याची घंटा वाजवली होती. तीसुद्धा लवकर, उपाय करता यावा म्हणून. आणि ही गोळी काय फक्त सांध्यांसाठी आहे असं वाटलं? ती रक्तवाहिन्यांचीही राखण करते." मग माझा हात उचलून त्यांनी परवाच्या सुईची जागा दाखवली. "ही काय आहे?"

"खपली."

"तुमच्या पाईपला चीर गेली तर त्यावर खपली धरते?"

इतकी वर्षं तपासणी खात्यात आहे, पण हा प्रश्न आमच्या नियमावलीत नाही.

त्या गेल्यावर सासूबाई उठल्या आणि गेल्या दोन-अडीच महिन्यांचं मानपान एका फटक्यात संपलं. "अगं मूर्ख! अकलेचा कांदा! मी तिकडे आळणी खातेय, पहाटे उठतेय, आणि तू गोळ्या भंगारात टाकतेस? तुला काही झालं असतं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं होतं?" आणि त्या चक्क रडायला लागल्या. मीही लागले. 'अगं' ऐकून किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही.

दोघींचं नाक पुसून झाल्यावर मी विचारलं, "सायकल तुम्हाला केव्हापासून येते?"

"शाळेत असल्यापासून. दोन धाकट्या भावांना पुढे-मागे बसवून न्यायचे."

"मग मला इतके दिवस का पळवलंत?"

"मला येत होती म्हणून काय झालं? तुला कुठे पळता येत होतं?"

नवरा म्हणाला, "मला माहीत होतं." आम्ही दोघींनी त्याच्याकडे बघितलं तसा त्याने ब्रेक दाबला.

१८ एप्रिल

घरी आहे. गोळ्या सासूबाईंच्या समोर घ्यायच्या, असा हुकूम. खिडकीजवळची खुर्ची त्यांनी परत घेतली आहे. 'आजी' मात्र चालू ठेवलंय, कारण चव्वेचाळीस त्यांनी सोडलेलं नाही.

२ मे

धावणं नाही, नुसतं चालणं. त्या सायकल हातात धरून चालतात, मी शेजारून. मध्ये मध्ये झाडं बघायला थांबतात. काल एका ठिकाणी थांबल्या तिथे झाड नव्हतं, विजेचा खांब होता. तोही त्यांनी बराच वेळ बघितला.

२४ जुलै

फेरतपासणी. पट्टा, मुंग्या, जेली, सगळं तेच. या वेळी रक्तवाहिनी बऱ्यापैकी सरकून बसली.

"चोपन्न," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हुरळून जाऊ नका, एका आकड्यावर सगळं नसतं. पण दिशा बरोबर आहे."

मी अडतीसची बाई चोपन्न ऐकून नाचायची बाकी होते. बागेतलं सदस्यत्व गेलं, जाऊ दे. सासूबाई नवऱ्याला फोनवर कळवायला बाहेर गेल्या. मी मशीनवाल्या बाईंना उत्साहाने म्हटलं, "मशीन रिकामं असेल तर आईंचंही घ्या ना पुन्हा. चव्वेचाळीसचं काय झालं बघू."

"कसलं चव्वेचाळीस?"

"मागच्या वेळी त्यांचं आलं होतं ते."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "त्यांचं काही आलंच नव्हतं. मशीनने घेतलंच नाही. त्यांचे ठोके सारखे पडत नाहीत, एक लवकर, एक उशिरा. असं असलं की मशीन आकडा देत नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं, हृदयाच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. म्हणाल्या, आधी सुनेचं होऊ दे. दाखवलं ना?"

मी बाकावर बसले. जिना आठवला. झाडं आठवली. तो खांब. आणि तो चढ, आणि माझ्या गालाखाली धापा टाकणारी ती पाठ.

सासूबाई परत आल्या. "काय गं आजी, चेहरा का पडला? चोपन्न कमी वाटले?"

मला ओरडायचं होतं. पण त्यांनाही नको म्हणता येतं, माझ्याइतकंच येतं. रागावून बोलले असते तर त्या चपला घालून घरी निघाल्या असत्या. म्हणून मी जन्मात पहिल्यांदा सासूबाईंना त्यांच्याच पद्धतीने उत्तर दिलं.

"आई, डॉक्टरीणबाईंनी मला उद्या हृदयाच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलंय. मला एकटीला फार भीती वाटते."

"मी येते की."

"आणि तिथलं मशीन रिकामं असेल तर..."

त्या थबकल्या. त्यांनी मशीनवाल्या बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग म्हणाल्या, "हे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत, कळलं?"

"माझेही नाहीत," मी म्हटलं. "मला तर उन्हात जायलाच बंदी आहे."

त्यांनी माझा हात धरला. बोटं गार होती, पण एरवी असतात तशी माझी नव्हे, त्यांची.

२६ जुलै

काल नवऱ्याने आम्हा दोघींना गाडीतून नेलं. वाटेत एकही सिग्नल लागला नाही तरी तो सारखा थांबत होता. मला 'तपासून' झाल्यावर सासूबाई खाटेवर चढल्या. ठोके बेताल आहेत, गुठळी होऊ नये म्हणून गोळ्या सुरू, रोज, न चुकता. डॉक्टरांनी विचारलं, "एवढ्यात काही जड काम केलं होतंत?"

"छे," सासूबाई म्हणाल्या. "सुनेला जरा सायकल शिकवली."

सायकलवरून डबलसीट न्यायला त्यांना आता बंदी आहे. चालवायला मी शिकणार आहे. सीट नवरा धरेल, म्हणजे ती जागची हलणारच नाही.

२ ऑगस्ट

आता सकाळी टेबलावर दोन डब्या असतात. आम्ही समोरासमोर बसतो. नियम असा की गोळी गिळली की तोंड उघडून जीभ उचलून दाखवायची, कारण एकमेकींवर काडीचाही विश्वास उरलेला नाही.

आज त्यांनी पाण्याचा पेला माझ्या पुढे सरकवला. "चला आजी, आ करा."

मी पेला परत त्यांच्याकडे सरकवला.

"आधी तुम्ही," मी म्हटलं. "तुम्ही धाकट्या."